एक वजा

होबार्टच्या धक्क्याजवळ, मुरंब्याच्या जुन्या कारखान्यात इल्सचं ऑफिस होतं. गुप्त निरोपांचं ॲप तिथे तयार होई. त्याचा दहा वर्षांचा जुना कोड उपसून नवा लिहायचं काम आठ महिन्यांपासून तिच्या गळ्यात पडलं होतं. उपसता उपसता एक ओळ सापडली. आत किती माणसं आहेत ती मोजायची आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. शेजारी गार्थची टीप: 'एक जास्त मोजला जातो. कारण सापडलं नाही. हात लावू नका.'

गार्थ चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. चूक सापडली नाही की तिच्यावर फडकं टाकून मोकळं व्हायचं, ही त्याची खोड. इल्सला असल्या कामाची चीड होती. तिने ओळ उडवली.

आपलं शिजवलेलं आधी आपण खायचं, हा तिथला रिवाज. म्हणून नवा कोड सगळ्यात आधी ऑफिसातल्याच बिनखिडकीच्या खोलीच्या कुलपाला, आत-बाहेर जाणारी माणसं मोजायला, जोडला गेला. प्रत्येक नव्या आवृत्तीवर शिक्कामोर्तब याच खोलीतल्या मशीनवर होई. फोन बाहेरच्या फळीवर ठेवून दोघांनी आत जायचं आणि काम झालं की एकेकाने कार्ड लावून बाहेर पडायचं.

मंगळवारी दुपारी ती आणि तिचा जोडीदार वेंडेल आत गेले. दार लागलं. भिंतीवरच्या पडद्यावर उमटलं, आत: ३.

"तिसरा कुणाला घेऊन आलीस गं?" वेंडेल म्हणाला.

"गार्थने करून ठेवलेली घाण आहे. बाहेर गेले की निस्तरते."

"निस्तर बाई. तोवर खाली कँटीनमधली मटणाची पाई संपेल."

"तुला खायचं सुचतंय. मला तीनला ब्रॉनीच्या शाळेत पोचायचंय. काल उशीर झाला तर पोरगी फाटकाशी एकटी रडत होती."

काम तासभर चाललं. रिकामी तिसरी खुर्ची इल्सने दोनदा भिंतीशी सरकवली. दोन्ही वेळा ती थोड्या वेळाने टेबलाशीच होती. वेंडेलची असेल सवय, असं तिने मनाला सांगितलं. खोली मात्र फार कोंदट वाटत होती.

वेंडेल कार्ड लावून बाहेर पडला. दार मिटलं. आत: २.

इल्स टेबलावरचं कार्ड उचलत होती. दार पुन्हा उघडलं आणि मिटलं.

आत: १.

तिने कार्ड लावलं. दार उघडलं नाही. त्यावर अक्षरं आली: 'इल्स ट्रँटर बाहेर गेल्या आहेत.'

दारातल्या काचेच्या पट्टीतून तिने पाहिलं. वेंडेलने फळीवरून दोन फोन उचलले आणि एक बाजूला धरला. निळ्या स्वेटरच्या बाहीतल्या हाताने तो घेतला. इल्सने आपल्या बाहीकडे पाहिलं. तीही निळीच होती.

तिने दारावर मुठी आपटल्या. बाहेरचं आत ऐकू येई, आतलं बाहेर जात नसे. दारच तसं बनवलेलं होतं.

ती घाबरली होती. पण चूक मोजण्यात आहे, जुनी ओळ परत घातली की झालं, एवढं तिला कळत होतं. मशीनपाशी बसून तिने गार्थची ओळ शब्दन् शब्द लिहिली.

आकडा बदलला.

आत: ०.

रिकाम्या खोलीत दिवे जळत नसत. ते विझले.

"चल, ब्रॉनीची शाळा सुटेल," बाहेर वेंडेल म्हणत होता. "आणि हात किती गार पडलेत गं तुझे."

"फार दिवस आत होते," इल्सच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.