यानातल्या गुरूचं वाक्य

शिडीच्या सातव्या पायरीवर भैरवीचे पाय गारठले. कमरेला दोर बांधलेला, वर तुळईला कप्पी. तरी तिनं डोळे गच्च मिटून शिडीला मिठी मारली होती.

"अवो, आधी खाली या. ही गाठ सुटंल."

आवाज अनोळखी होता. तिनं एक डोळा उघडला. खाली पावसानं निथळणारा एक उंच तरुण उभा होता. धैर्यशील. त्याच्या गिर्यारोहण मंडळानं नाटकाला दिलेला दोर परत न्यायला तो शिरोळहून आला होता, आणि गाठ बघून दारातच थबकला होता.

"सुटेल म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही पडाल की!"

दोर परत गेलाच नाही. उलट, तो धरायला धैर्यशील रोज शिवाजी पेठेतल्या त्या तालमीच्या हॉलवर येऊ लागला.

एकांकिका विज्ञानकथेवरची होती. यान बिघडलंय, तरुण अंतराळवीर मुलगी, म्हणजे भैरवी, दोरावरून अंधाऱ्या विवरात उतरतेय, आणि तिचा म्हातारा गुरू यानातून बिनतारी यंत्रावरून तिला सांगतोय, "कुणीही धरलेलं नाही. कुणावर विसंबू नकोस." गुरूचं काम दिग्दर्शक माधवसर स्वतःच करत. वाक्यही त्यांचंच.

"असला कसला गुरू?" चहा पिताना धैर्यशील भैरवीला म्हणाला. एसटीत बसून त्यानं ढीगभर विज्ञानकथा वाचल्या होत्या. "गुरूनं म्हणायचं, जा पोरी, तू करशील."

"आणि दोर तुटला तर? खोटा धीर देणाऱ्या गुरूंपेक्षा सर बरे."

"तुमचा न्हाय वाटतं कुणावर विश्वास?"

"दोर धरणारा माणूस बघून ठरवेन..." ती बोलून गेली, आणि कपात बघत राहिली.

एकांकिका स्पर्धेच्या आदल्या दिवशी कप्पी निसटली, आणि दोर नुसत्या तुळईवरून सरसरत सुटला.

भैरवी दगडासारखी खाली आली. किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. जमीन हातभर उरली असताना कमरेला जोराचा हिसका बसला, आणि ती लोंबकळत राहिली. धैर्यशीलनं दोर सोडला नव्हता. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसला होता, हातांना पट्ट्या बांधून.

"दुसरा माणूस बघा. डोळं मिटलं की तुम्ही पडताना दिसताय."

"आता तुम्हीच सरांसारखं बोलताय."

"खरं तेच बोलतोय."

भैरवी त्याच्या शेजारी बसली. "कप्पीवर माझा विश्वास नाही. दोरावर नाही. तुम्ही नसाल तर मी शिडीला हातही लावणार नाही."

"मी भ्यालोय, भैरवी."

"मग तर तुम्ही जास्त घट्ट धराल."

तो उठला आणि आत दोराकडे गेला.

दुपारी पडदा उघडला. वीस फूट उंचीवर भैरवीला खाली फक्त काळोख दिसत होता. सकाळपासून माधवसरांनी तिची गाठ चारदा तपासली होती, कुणाशी एक शब्द न बोलता. आणि आता त्यांचाच कोरडा आवाज सभागृहात घुमला, "कुणीही धरलेलं नाही. कुणावर विसंबू नकोस."

तिची बोटं शिडीवरून सुटेनात. एक क्षण... दोन... प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

विंगेतून, फक्त तिलाच ऐकू येईल इतका हळू आवाज आला, "मी हाय."

तिनं हात सोडले.

पडदा पडला, टाळ्या वाजत राहिल्या. विंगेत ती भिंतीला टेकून उभी होती. त्याच्या पट्ट्यांवर रक्ताचे नवे डाग उमटले होते.

"झालं की," तो म्हणाला. "आता कसली भीती?"

"उद्यापासून तालीम नाही..." ती म्हणाली. "तुम्ही येणार नाही, याची."

धैर्यशील कानापर्यंत लाल झाला. बाहेर सर त्याला दोर गुंडाळायला हाका मारत होते. तो हलला नाही.

"उद्या येतो," तो म्हणाला. "दोर न घेता."