ठेवायला दिलेलं दुखणं

जाहेदा सिस्टरला आताशा कुणाच्या ओरडण्याचं काही वाटत नसे, आणि त्याचंच तिला वाईट वाटे. तळोद्याच्या त्या खासगी दवाखान्यात सव्वीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या. माणसाचे कान ते, विटायचेच! म्हणून डोळ्यांवर चढवायचा तो जाडजूड व्हीआर चष्मा आला, तेव्हा तिनं अल्लाचे आभार मानले. आत बर्फाचा डोंगर दिसे, पाऊलवाट दिसे. पेशंट तिकडे रमे, इकडे ड्रेसिंग उरके.

कोरीटच्या जसोदाबाईंचा डावा पाय साखरेनं नासला होता. पहिल्या दिवशी त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता. चष्मा लावल्यापासून मात्र हूं की चूं नाही. चौथ्या दिवशी तर चष्मा काढल्यावरही नाही. जाहेदानं तळव्याला सुई टोचली.

"दुखस का माय?"

"नही. दुखणं तठेच ठी उनू. बाकवर एक बाई बठेल व्हती. तिले म्हनं, जराखं देखजो, मी येस."

चष्म्यातल्या बाईकडे दुखणं ठेवून आल्याचं त्यांनी, स्टँडवर शेजारणीकडे पिशवी सोपवावी, इतक्या सहज सांगितलं. जाहेदानं घड्याळाकडे पाहिलं. दुपारी सर्जन येणार होते. पायाला जाण असली तर दोन बोटांवर निभावणार होतं. नसली तर गुडघ्याखाली कापायचं ठरलं होतं.

"जा माय, तुनं दुखणं मांगी लय," म्हणत तिनं चष्मा त्यांना पुन्हा चढवला.

बऱ्याच वेळानं जसोदाबाईंनी तो स्वतःच काढला. चेहरा पार उतरला होता.

"बाक रिकामं शे. मनं दुखणं लई गयी ती."

जाहेदानं चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला. डोंगर, वाट, बर्फ. बाक कुठेच नव्हतं. थकलं की माणूस कशावरही विश्वास ठेवतं, असं पुटपुटत तिनं चष्मा बंद केला आणि ट्रेमध्ये ठेवला.

सर्जन आले. पायावर वाकले. सुई टोचली.

"ओ माय वं!"

"वा! पाय जिवंत आहे," मान वर न करताच ते म्हणाले. कागदावर तसं लिहिलं आणि खुशीत निघून गेले.

जसोदाबाईंचे ओठ मिटलेले होते.

आवाज ट्रेमधून आला होता.

जाहेदाला ते कळलं होतं. पाय वाचला होता, म्हणून ती गप्प राहिली.

तिनं हातमोजे चढवले, वाटीत सलाईन ओतलं, गॉज भिजवला.

जसोदाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"हळू धुय, बेटा. तिले लागस."