खोथार केंद्रावरचा पाहुणा

संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती आणि प्रार्थना सांगायला येणारे पाळक अजून टेकडी चढत होते, की वाटेत कुणाकडे लाल चहा पीत बसले होते, देव जाणे. सांगी दारात उभी राहून धुक्यात डोळे ताणत होती. खोथारच्या चर्चच्या मंडळीनं चालवलेल्या रेडिओ केंद्राची ती एकुलती एक निवेदिका. मिझोरामच्या त्या डोंगररांगेत घराघरांतल्या चुलीपर्यंत तिचा आवाज पोचायचा, आणि आज त्या आवाजाला घाम फुटला होता.

तेवढ्यात धुक्यातून एक तरुण वर आला. कोट ओला, हातात जड पिशवी, चेहरा गंभीर.

"या, या. केवढा उशीर…" सांगीनं त्याला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि प्रक्षेपणाचा लाल दिवा लावला. "हं, प्रार्थना."

तरुणानं तिच्याकडं पाहिलं. मग माइककडं. आता आमच्याकडं प्रार्थना करायला सांगितलं की नाही म्हणायची रीतच नाही. लग्नात सांगा, शेतात सांगा, माणूस डोळे मिटतो आणि सुरू करतो. त्यानंही मिटले.

"हे प्रभू… या केंद्राच्या यंत्राची तब्येत बरी नाही असं ऐकलंय. मला अजून ते कुणी दाखवलेलं नाही. दाखवतील, अशी आशा आहे… शिवाय मी सकाळपासून जेवलेलो नाही. आमेन."

सांगीनं घाईघाईनं गीताची टेप लावली. "तुम्ही… पाळक नाही?"

"मी रेमथांगा. रेमा म्हणा. शिलाँगहून यंत्र दुरुस्त करायला आलोय."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" तो म्हणाला, आणि हसला. तिला हसायचं नव्हतं, पण ओठांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या पायरीवर केळीच्या पानात बांधलेला भात, उकडलेली भाजी आणि धुरावर वाळवलेल्या डुकराच्या मांसाची पुरचुंडी येऊन पडली होती. ज्या माणसानं देवाकडं जेवण मागितलं त्याला उपाशी ठेवायचं म्हणजे अख्ख्या डोंगराची लाज. रेमा रोज जेवत होता आणि यंत्र काही लवकर बरं होत नव्हतं. लोक म्हणायचे, स्वयंपाक जरा कमी करा, मग बघा.

संध्याकाळी तो सांगीच्या घरीही येऊ लागला. रीतीप्रमाणंच, मुलगी असलेल्या घरी तरुणांनी येऊन बसायचं, मुलीनं सगळ्यांना सारखाच चहा द्यायचा, सगळ्यांशी सारखंच हसायचं. सांगी सारखंच हसायची. फक्त रेमाचा कप भरताना तिचा हात जरासा रेंगाळायचा… आणि तो मान खाली घालून घरातला जुना रेडिओ खोलत बसायचा.

आमच्याकडं थोरांना आदरानं 'पू' म्हणतात, थोर बायकांना 'पी'. शेवटी तिच्या वडिलांनी, पू दर्थुआमांनी, विचारलंच. "काय रे, तू मुलीसाठी येतोस की रेडिओसाठी?"

"दोघांतून आवाज एकच येतो, पू," रेमा स्क्रूवरची नजर न काढता म्हणाला.

बाकीचे तरुण त्या दिवशी लवकर घरी गेले. पण रेमा त्यापुढं काही बोलला नाही. ना त्या दिवशी, ना नंतर.

केंद्राला पंचवीस वर्षं होत आली होती. उत्सवाच्या दिवशी केंद्राचा इतिहास सांगायचं काम सांगीकडं होतं, म्हणून ती पी रोखुमीकडं गेली. पी रोखुमी केंद्राची पहिली निवेदिका, आणि गावातली सगळ्यात तिखट जीभ. रेडिओ उभा राहिला तो बायकांनी रोज भात रांधताना चर्चसाठी बाजूला काढलेल्या मूठमूठ तांदळावर, हे तिनं सांगितलं. मनोऱ्याचे लोखंडी तुकडे लोकांनी ढोलाच्या तालावर खांद्यांवरून वर आणले, तेही सांगितलं. तो मनोरा बसवायला कालिम्पाँगहून आलेला माणूस पुढं तिचा नवरा झाला. तो आता नव्हता.

"मंडळीनं त्यांना थांबवून घेतलं?" सांगीनं विचारलं.

"मंडळी? मंडळीनं शाल दिली, आभाराचं गीत म्हटलं आणि गाडीपर्यंत पोचवायला निघाली. आपल्याकडं निरोप इतका झकास देतात की 'थांब' म्हणायचं राहूनच जातं. ते मी म्हटलं."

"तुम्ही? मुलीनं?"

"मग काय माझ्या आजीनं म्हणायचं? आणि हे इतिहासात घालू नकोस."

सांगीनं घातलं नाही. पण घरी येताना तेच तिच्या डोक्यात घोळत होतं. यंत्र बरं झालं होतं. उत्सव झाला की रेमा शिलाँगला परत जाणार होता. तिला शिलाँगला जायचं नव्हतं. तिची माणसं, तिचा माइक, सगळं इथं होतं. त्यानं इथं राहावं, एवढंच तिला हवं होतं. त्याच्यावर तिचं प्रेम बसलं होतं, आणि रोज साऱ्या डोंगराशी बोलणाऱ्या त्या मुलीला एका माणसाशी बोलता येत नव्हतं.

उत्सव दणक्यात झाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमोत रेमाची जागा धरलेली. खाली चर्चमध्ये निरोपाच्या गीताचा सराव चालला होता, शाल घडी घालून तयार होती. रेमा मनोरा शेवटचा तपासायला वर चढला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

सांगी खाली येऊन उभी राहिली. "रेमा… जरा खाली या. बोलायचंय."

"एक बोल्ट सैल आहे. तिथूनच बोला," वरून आवाज आला.

"मोठ्यानं बोलण्यासारखं नाही."

"मग हळू बोला. मला ऐकू नाही आलं तर परत विचारीन."

खाली सुमोचा हॉर्न वाजला. सांगीनं कमरेभोवती गुंडाळलेला पुआन आवळून धरला आणि उभ्या आयुष्यात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"थांब, रेमा!"

"थांबलोय की. पाना हातात आहे."

"तसं नाही. खोथारला थांब. कायमचा… माझ्याजवळ थांब!"

धुक्यात आवाज फार लांब जातो. चर्चमधला ढोल बंद पडला. कुठंतरी तांदूळ कांडणारं मुसळ मध्येच थबकलं. वर तर काही हलतच नव्हतं. सांगीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग लोखंडावर बूट वाजले. रेमा घाईघाईनं उतरत तिच्यासमोर आला, गंजानं माखलेले हात, पापण्यांवर पाणी. धुक्याचं असेल.

"तुझ्या घरी सगळ्यांना सारखाच चहा," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मीही त्यातलाच एक. तू विचारशील असं वाटलंच नव्हतं… थांबतो. तू म्हणशील तोवर थांबतो."

तिनं त्याचा तसाच माखलेला हात दोन्ही हातांत धरला.

तेवढ्यात खालून पी रोखुमीची हाक आली. "सांगे, तुझं ऐकलं सगळ्यांनी. तो काय म्हणाला ते इकडं आलं नाही."

सांगीनं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि रोजच्या बातम्यांच्या स्वच्छ सुरात साऱ्या खोथारला कळवलं, "थांबतो म्हणाला."