दुसरा साक्षीदार

मुलुंडच्या झवेर रोडवर टायपिंगचं एक दुकान होतं. तिथे मी आत्याचं मृत्युपत्र हातात धरून उभी होते, आणि माझ्या मागचा माणूस ते खुशाल वाचत होता.

पोस्टाच्या खिडकीत बसून मला सहा वर्षं झाली होती. पत्ता लिहायला पेन मागून ते खिशात घालून जाणारे आणि दुसऱ्याची मनिऑर्डर वाचणारे मी चेहऱ्यावरून ओळखते. हा दुसऱ्या जातीतला.

“साक्षीदार दोन लागतात,” तो म्हणाला. “इथे एकालाच जागा सोडलीय.”

“दुसऱ्याचे कागद वाचायची फी घेता?”

“अजून शिकतोय... त्यामुळे फुकट.”

त्याचं नाव नंदकुमार. फोर्टात एका सॉलिसिटरकडे आर्टिकल क्लार्क, म्हणजे वकिली शिकणारा उमेदवार होता, राहायला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सोसायटीची पाण्याची नोटीस टाइप करायला आला होता. शर्टाला कडक इस्त्री, चपलेचा अंगठा मात्र शिवलेला. आगाऊ आहे, पण खोटारडा नाही, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. डोळ्यांबद्दल तेव्हा काहीच ठरवलं नाही, असं मी आजही सांगते.

घरी आत्याला हे सांगितलं तर तिला रागच आला. आत्या म्हणजे वनमालाबाई. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. हजारो निबंध तपासले, मला स्वतःच्या घराबद्दल चार ओळी लिहायला सॉलिसिटर कशाला लागतो, हा तिचा सवाल. तोच तिने रविवारी नंदकुमारला घरी बोलावून विचारला. हा आपल्या धंद्याची बाजू घेणार याची तिला खात्री होती, उत्तरही तयार होतं. पण तो म्हणाला, कायद्याने लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालतं.

आत्याने खूश होऊन त्याला दुसरा चहा दिला. तो अर्धा पिऊन त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, अशी ओळ असेल तर मात्र कुणाला तरी विचारावं.”

ओळ अशी होती: ‘नीलाचे लग्न होईपर्यंत तिने या घरात राहावे, त्यानंतर घर चि. मधुकरचे.’

नीला म्हणजे मी, आणि मधुकर म्हणजे मधुदादा, माझा मालाडचा चुलतभाऊ. ती ओळ मी वाचली होती, आणि न वाचल्यासारखं केलं होतं. आईबाबा गेल्यावर नऊ वर्षांची मी पत्र्याची ट्रंक घेऊन या घरात आले. मला दुसरं घर ठाऊक नाही. पण लग्न झालं की मुलीला घर मिळतंच, असं आत्याला वाटत होतं, आणि तिच्याशी या विषयावर बोलायला माझी जीभ उचलत नव्हती.

“आणि तिथे नाही जमलं तर?” नंदकुमारने विचारलं. “परत यायला दार कुठलं?”

त्याला माहीत नव्हतं, मला होतं. आत्या स्वतः लग्नाच्या आठव्या महिन्यात परत आली होती, आणि तेव्हा दार उघडलं होतं ते माझ्या बाबांनी. त्या दाराबद्दल ती आजवर चकार शब्द बोललेली नव्हती. त्या दिवशीही फक्त लाल पेन्सिल घेतली, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘घर नीलाचे.’

मग तो दर रविवारी येऊ लागला. त्याच्या मसुद्यातलं शुद्धलेखन आत्या सुधारायची, तिच्या मसुद्यातला कायदा तो. एक कागद इतक्यांदा का सुधारावा लागतो, हे मी विचारलं नाही. श्रावण संपत आला होता. पाऊस नॅशनल पार्कच्या डोंगरावरून पायी चालत आल्यासारखा यायचा, पाच मिनिटं थांबायचा, निघून जायचा. मी नंदकुमारला कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची.

“छत्री एकच आहे,” एकदा तो म्हणाला.

“मग ती मला द्या. तुम्ही कायद्यात बसेल तेवढं भिजा.”

त्याने खरोखर दिली. वर न बघता बाजूने भिजत चालला. कोपऱ्यावर मी छत्री थोडी तिकडे कलती केली... थोडीच.

शेवटी त्याच्या सॉलिसिटरनेही मसुदा नजरेखालून घातला, आणि सहीचा दिवस ठरला. साक्षीदार दोन: तळमजल्यावरचे डॉक्टर चंद्रप्रकाश आणि नंदकुमार. टेबल पुसून झालं. आत्याने चष्मा लावला, पेन हातात घेतलं.

“बाई, थांबा,” नंदकुमार म्हणाला. “साक्षीदार मी नको.”

“का रे? दोन लागतात, हे तूच सांगितलंस.”

“साक्षीदाराचा त्या घराशी संबंध नसलेला बरा. उद्या कुणी भांडलं, तर पहिलं बोट त्याच्याकडे जातं.”

“तुझा कुठे आहे?”

“आज नाही...” तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. “पण नीलाने हो म्हटलं तर होईल.”

डॉक्टर पंख्याकडे बघू लागले.

“ती ओळ माझ्यामुळे गेली,” तो पुढे म्हणाला, “म्हणून सही व्हायच्या आधी सांगतोय. परत घालायची असेल तर घाला, बाई. ओळ राहिली तरी मी तिला लग्नाचं विचारणारच.”

आत्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. “काय गं? घालू ओळ?”

त्या घडीला मला समजलं की दोन गोष्टी माझ्यासमोर एकाच टेबलावर आहेत, आणि एक घेण्यासाठी दुसरी सोडावी लागेल असं म्हणणारं तिथे कुणीच नाही.

“ओळ नको,” मी म्हटलं. “मी शेजारच्या जयंतीबेनना बोलावते. दुसरा साक्षीदार लागेल ना.”

दारापर्यंत पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, अगदी हळू.

“म्हणजे... हो?”

“कायद्याच्या माणसाला सगळं लेखी लागतं,” आत्या म्हणाली, आणि चष्मा पुन्हा लावला.

जयंतीबेन पिठाचे हात पदराला पुसत आल्या. आत्याने सर्वांदेखत सही केली, मग डॉक्टरांनी. जयंतीबेनकडे पेन नव्हतं, नंदकुमारने आपलं दिलं. त्यांनी गुजरातीत सावकाश, वळणदार सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं. गडबडीत तो ते तसंच विसरून गेला.

पेन मागून खिशात घालणारी माणसं मी चेहऱ्यावरून ओळखते. त्या संध्याकाळी आरशात एक दिसली. उद्या खिडकीशी येऊन मागेल तेव्हा देईन... किंवा त्याच्याच पेनाने लेखी उत्तर.