सवतीची सनई

यात माझ्या पदरचं काहीच नाही. विनिता माझी सख्खी भाची. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलं, आणि शेवटचं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

रात्र नव्हती. गेल्या वर्षीची अविधवा नवमी, भर दुपार, डोंबिवलीतलं तिचं घर.

विनिता सुदेशरावांची दुसरी बायको. पहिली रुचिता, आजारपणात गेली. पितृपक्षातल्या या नवमीला विनिता तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. मनापासून.

खुपायचं ते त्यानंतरचं.

सवाष्ण गेली की सुदेशराव टीव्हीला पेनड्राइव्ह जोडून पहिल्या लग्नाचा व्हिडिओ लावायचे. अंतरपाट खाली यायचा, सनई उठायची, आणि ते रुचिताकडे बघायचे...

तसं त्यांनी विनिताकडे कधी पाहिलं नव्हतं.

"भाजी निवडतानासुद्धा गुणगुणायची गं ती," ते हमखास म्हणायचे.

विनिताचा सुरांशी छत्तीसचा आकडा. ती आत भांडी आपटायची.

आमच्या वेळी सनईवाले मांडवाच्या दारात बसायचे. त्यांची सनई कोणाला पळवता आली नसती. आता सगळंच पेनड्राइव्हमध्ये, सुदेशरावांची दोन्ही लग्नं एकाच पेनड्राइव्हमध्ये. नवमीच्या आधी विनिता तो घेऊन ठाण्याला फ्लेव्हियनच्या स्टुडिओत गेली. लग्नाच्या व्हिडिओंना तो संगीत जोडतो.

"ही सनई इथून काढ आणि माझ्या लग्नाला लाव."

"आणि हिच्या लग्नाला काय लावू?"

"काहीही."

फ्लेव्हियनने गंमत म्हणून एक खोल, घुमणारा सूर लावला. चित्र तेच. पण सुदेशरावांच्या डोळ्यांत आता भीती दिसायला लागली.

"बघितलंत वहिनी? माणूस नुसता बघतो. प्रेमाने की घाबरून, ते म्युझिक सांगतं."

विनिता हसली. "हेच राहू दे."

"अहो, सवतीवर एवढा राग? ती तर गेलेली ना!"

"गेली कुठे? दरवर्षी जेवायला येते."

नवमीला व्हिडिओ लागला. तो घुमणारा सूर आला.

सुदेशराव अस्वस्थ झाले. "मी असा काय बघतोय हिच्याकडे?"

"आता आपलं लावा," विनिता म्हणाली.

अंतरपाट खाली आला. सनई उठली...

आणि मध्येच तुटली.

नुसती शांतता. सनई नव्हती, म्हणून विनिताला पहिल्यांदाच नीट दिसलं.

नवरदेव तिच्याकडे बघतच नव्हता.

तिच्या खांद्यामागे बघत होता.

मग गुणगुण आली... बारीक, बाईच्या आवाजातली.

सुदेशराव ताडकन उभे राहिले. "रुचिता..."

विनिताने टीव्हीचा प्लगच उपसला.

गुणगुण थांबली नाही.

ती आता स्वयंपाकघरातून येत होती...

तिने फ्लेव्हियनला फोन केला. "वहिनी, आईची शपथ," तो म्हणाला, "तुमच्या लग्नात सनईशिवाय मी काय टाकलेलंच नाय."

त्याच संध्याकाळी तिने पेनड्राइव्ह खाडीत फेकला.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. विनिता मेथी निवडत बसली होती. चेहरा नुसता फुललेला.

"मावशी, आता हे व्हिडिओचं नावही काढत नाहीत. माझ्याकडेच बघत बसतात."

खरंच बघत होते सुदेशराव. अंतरपाट नुकताच सरल्यासारखे.

विनिता पुन्हा मेथीकडे वळली...

आणि गुणगुणायला लागली. सुरेल. एकही सूर न चुकता.

"हे कधी शिकलीस गं?"

तिने मान वर केली. "काय, मावशी?"

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं, तर एवढ्या वर्षांनी मिळालेलं नवऱ्याचं ते बघणंही जाईल तिचं.

हल्ली भाजी निवडायला बसले की मी रेडिओ मोठ्याने लावून ठेवते.