दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक

दाराबाहेर बूट काढून ठेवलेली माणसं दोनच. एक स्वानंदी, आणि दुसरा कोण ते तिला अजून दिसायचं होतं. बाकीची सगळी रांग चिखलाच्या बुटांसकट खुशाल आत शिरत होती. कार्ल्सरूहेत त्या शनिवारी सकाळपासून रिपरिप चालली होती, आणि तरीही हा एवढासा विकाऊ फ्लॅट बघायला अर्धं गाव लोटलं होतं.

“मोज्यांवर आलेले आपण दोघंच दिसतोय,” मागून आवाज आला. चक्क मराठीत!

ती गर्रकन वळली. ओल्या केसांचा एक सावळा, उंच तरुण भिंतीला तळहात लावून उभा होता.

“मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“मघाशी उंबऱ्याला ठेच लागली, तेव्हा ‘आई गं’ म्हणालात की.”

स्वानंदीचे कान तापले. “आणि तुम्ही काय, भिंतीला आधार देताय?”

“ओल बघतोय. एकाच भिंतीला ताजा रंग म्हणजे पाणी मुरतंय. मी मल्हार. नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तुम्ही?”

“स्वानंदी. इथेच सॉफ्टवेअरमध्ये. घर बघतेय, पण... राहायला नाही. विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यायला.”

“अरेच्चा! मीही त्याचसाठी. म्हणजे आपण शत्रूच!” असं म्हणून तो इतका गोड हसला, की शत्रुत्वावरचा तिचा विश्वासच उडाला.

आता ही पोरगी परदेशात, अजून नीट बस्तान बसायच्या आत, घर कशाला घेत होती? कारण तिची आई, प्रभाताई. आयुष्यभर नोकरी केली, नाशिकच्या घराचे हप्ते भरले, आणि दारावरच्या पाटीवर नाव मात्र एकट्या बाबांचं. “आधी नवरा बघ, मग तो घर घेईल,” हे बाबांचं पालुपद. स्वानंदीला घर घ्यायचं होतं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कमाईतून. भाड्यातून बँकेचा हप्ता सुटावा, बस. एवढं जमलं तर ती जग जिंकणार होती.

तो ओलीचा फ्लॅट दोघांनीही सोडला. पण शनिवार काही सोडला नाही. कधी कार्ल्सरूहे, कधी थेट कायझर्सलाउटर्न. जिथे विद्यार्थी तिथे ही जोडी. मल्हारनं तिला शिकवलं, “खोली नंतर, आधी तळघर बघायचं. घर तिथे खरं बोलतं.” तिनं त्याला शिकवलं की एजंटला काय विचारायचं ते शेजारणीला विचारावं. बघणं झालं की कॉफी, आणि एकाच केकला दोन काटे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

आणि मग कार्ल्सरूहेच्याच डुर्लाख भागातलं घर आलं. कोरडं तळघर, पूर्वेची मोठी खिडकी, खाली ट्रामचा थांबा. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

“मला हवंय,” ती हळूच म्हणाली.

“मलाही...”

“मग?”

“दोघांनीही मागणी घालू. जो हरेल त्यानं रुसायचं नाही.”

मालकीणबाई फ्राउ ब्रेनर यांनी स्वानंदीला पसंत केलं. मल्हार दुसऱ्या नंबरवर. तो रुसला नाही, पण पुढच्या शनिवारी तिला बघायला घरच उरलं नव्हतं. स्वानंदीनं दोनदा फोन हातात घेतला. काय निमित्त सांगणार? ठेवून दिला.

जर्मनीत घराचा व्यवहार नोटारसमोर होतो. नोटार म्हणजे सरकारनं नेमलेला, कायदा कोळून प्यायलेला माणूस. तो अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि तो समजल्याशिवाय कुणाला सही करू देत नाही. स्वानंदीनं मसुदा फोनमधल्या अनुवादावर वाचला होता. त्यामुळे बाईसाहेब निर्धास्त! ऑफिसात सगळं इंग्रजीत, आणि जर्मन अडलं की मान डोलावून ‘या, गेनाऊ’ म्हणायचं, म्हणजे ‘हो हो, अगदी बरोबर’. आजवर त्यावर निभावलं होतं.

नोटार वाचत होते, ही डोलत होती. मध्येच त्यांनी थांबून काहीतरी विचारलं.

“गेनाऊ!” स्वानंदी उत्साहानं म्हणाली.

नोटारनी चष्मा काढला आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं, “मी विचारलं, तुम्हाला हे कळतंय, की मी थांबू?”

झालं! पितळ उघडं पडलं. दुभाष्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुपारची शेवटची वेळ मोकळी आहे, तोवर कुणीतरी आणा. फ्राउ ब्रेनर उद्या मुलीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. त्यांनी खांदे उडवले. आज जमलं नाही, तर दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक आहेच.

दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक! स्वानंदीला रडूच कोसळलं. तिच्या ओळखीत असं जर्मन एकाच माणसाला येत होतं, आणि तो आला नाही तर घर आपसूक त्याच्याच पदरात पडत होतं. कुठल्या तोंडानं बोलवायचं त्याला? तरी तिनं फोन लावला, आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. “तू नाही आलास तर घर तुझं होईल, मल्हार. हे सांगितल्याशिवाय मला बोलवता येणार नाही...”

पलीकडे किल्ल्यांचा आवाज. “निघालो. आणि रडू नकोस, इथवर ऐकू येतंय.”

तो आला तो नखशिखान्त भिजून, गाडी लांब लावून धावत. नोटारनी त्याला निरखलं आणि सावकाश जर्मनमध्ये विचारलं, “दुभाषी नात्यातला चालत नाही. तुम्ही दोघं पती-पत्नी आहात का?”

“नाइन!” स्वानंदीनं घाईघाईनं नकार दिला.

“नोख निष्ट,” मल्हार म्हणाला. अजून नाही.

फ्राउ ब्रेनर खुदकन हसल्या. नोटारनी घसा खाकरला. “मग लवकर वाचायला हवं.” आणि स्वानंदी... ती टेबलावरचं पेन उगाच सरळ करत बसली.

वाचन सुरू झालं. एकेक कलम मल्हार मराठीत सांगत होता, एक शब्द गाळत नव्हता. कळलं नाही की ती थांबवत होती, उलटतपासणी घेत होती. शेवटच्या पानावर तिनं सही केली, मोठ्या अक्षरांत, पूर्ण नावानं. जिंकली होती पोरगी!

बाहेर पाऊस ओसरत आला होता. तिनं आधी आईला फोन लावला. “आई, झालं! घर माझ्या नावावर!” प्रभाताई हसत होत्या, रडत होत्या, “पाटी कर गं मोठी,” म्हणत होत्या.

फोन ठेवून ती मल्हारकडे वळली. “वेडा आहेस. नुसता घरी बसला असतास तर घर तुझं होतं.”

“घर मिळालं असतं गं. शनिवार गेले असते.”

स्वानंदीनं त्याच्या ओल्या शर्टाची बाही पकडली. “नोटारना जे सांगितलंस... ते मला मराठीत कोण सांगणार?”

“स्वानंदी, तू मला फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून. लग्न करशील?”

“करीन,” ती म्हणाली. “पण पुढचं घर दोघांच्या नावावर. आणि पाटीवर माझं नाव आधी.”

“मंजूर!” मल्हार भर रस्त्यात ओरडला, आणि तिनं हसत हसत त्याला मिठी मारली.