विंगेतला आवाज

"अहो, चहा गार होतोय," यामिनीबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात चक्क महाराणी कमलगंधा बोलली.

म्हणजे दारात उभ्या होत्या त्या यामिनीबाईच. अंगावर धुऊन धुऊन विटलेली सुती साडी, हातात कपबशी, पदराला हळदीचा डाग. पण आवाज? आवाज होता 'संगीत कमलगंधा'च्या तिसऱ्या अंकातला, वनवासाला निघालेल्या नवऱ्याचा शेला धरून राणी विनवते तो. भरलेला, गोल, शेवटाला किंचित कापणारा. गार होणाऱ्या चहासाठी एवढा करुणरस म्हणजे जरा अतीच झालं.

जयवंतराव झोपाळ्यावर बसले होते. तो आवाज कानावर पडला मात्र, ते ताठ झाले. सदऱ्याची कॉलर सारखी केली, घसा खाकरला.

"माझी एन्ट्री आली का हो, बाई?"

"नाही हो, एन्ट्री नाही. घरी आहात तुम्ही. चहा घ्या."

पुन्हा तीच राणी. जयवंतराव उठून उभे राहिले. उजवा हात पुढे करून त्यांनी त्याच नाटकातलं आपलं वाक्य सुरू केलं, "देवी, या उद्यानात वाटा पुष्कळ आहेत. परंतु..." आणि अडले. रोज इथेच अडायचे. कपाळावर आठ्या चढल्या, बोटं सदऱ्याची बटणं चाचपू लागली. यामिनीबाईंना ते बघवेना. त्यांनी पटकन पुढचं वाक्य दिलं, "परंतु एकच माझ्या ओळखीची."

"बाई!" जयवंतराव दुखावल्यासारखे म्हणाले. "माझं वाक्य तुम्ही कशाला घेता? शोभतं का हे?" ते मटकन खाली बसले. मग जरा वेळानं, अगदी अजिजीनं, "प्रयोग संपला की आमच्या मंडळींना तेवढा निरोप द्याल? म्हणावं, मी घरी वाट बघतोय."

त्यांची मंडळी समोर कपबशी घेऊन उभी होती. बेचाळीस वर्षांचा संसार झालेली. यामिनीबाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. ओट्याला टेकून त्या रडल्या. तेही आवाज न करता, कारण हुंदका फुटला असता तर तोसुद्धा राणीचाच फुटला असता.

हे सगळं झालं होतं त्या कंठपट्टीपायी. सात महिन्यांपूर्वी यामिनीबाईंच्या स्वरतंतूंवर गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरतंतूही काढले. श्वास राहिला, नाद गेला. गाणाऱ्या बाईला याहून वाईट काय व्हायचं? पण काळ असा आला होता की गेलेला आवाज परत मिळत होता. गळ्याभोवती बोटभर रुंदीची पट्टी बांधायची. माणूस बोलायला किंवा गायला जातो तेव्हा गळ्याच्या स्नायूंत बारीक हालचाली होतात, त्या पट्टी वाचते. शब्द कुठला, सूर कुठला, मनात राग आहे की माया, एवढं तिला त्यावरून कळतं. आणि मग ती त्या माणसाच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून शिकलेल्या आवाजात ते बोलून दाखवते.

जुन्या ध्वनिमुद्रणांना यामिनी घैसासांकडे काय तोटा! गवयांच्या बैठकीत त्यांना 'नाटकातली' म्हणायचे आणि नाटकवाले 'गवईबुवा' म्हणून चिडवायचे, पण दोन्हीकडची तिकिटं त्यांच्या नावावर खपायची. त्यात तीन चित्रपट आणि सात वर्षं चाललेल्या मालिकेतली खाष्ट सासू. सांगलीचे बापू कोटणीस म्हणजे त्यांचे निस्सीम चाहते. त्यांनी चाळीस वर्षांचा साठा आपण होऊन काढून दिला. नुसता दिला नाही, तर साफसूफ करून दिला. खोकला कापला, तालमीतल्या गप्पा कापल्या, मध्यंतरातलं बोलणं कापलं. "यामिनीताईंचं सोनं तेवढं ठेवलंय, माती सगळी काढून टाकली," असं अभिमानानं म्हणाले. घरातल्यांनाही ते पटलं. यामिनीबाईंना तर सगळ्यांत आधी पटलं.

पट्टी बांधल्यावर महिन्याभरात सांगलीच्या नाट्यगृहात प्रयोग झाला. तीन वन्स मोअर! लोक उभे राहून रडत होते. यामिनीबाई नमस्कार करत होत्या आणि घरी जायची घाई करत होत्या, कारण घरी एक माणूस रोज थोडं थोडं विसरत चाललं होतं, आणि जे उरलं होतं त्यात त्यांना आपली जागा हवी होती.

तीच नेमकी मिळेना. चिडल्या की पट्टीतून सासू बोलायची. लेक ऋचा एकदा दचकून म्हणाली होती, "आई, अशी नको ना ओरडूस, मला मालिकेत आल्यासारखं वाटतं." माया दाटली की राणी. थट्टा करायला गेल्या की दुसऱ्या चित्रपटातली फटाकडी मैत्रीण. जयवंतराव सगळ्यांशी अदबीनं वागत, सगळ्यांना 'बाई' म्हणत आणि सगळ्यांजवळ आपल्या बायकोची चौकशी करत.

डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, पावसाळ्यापर्यंत बोलणंही थांबेल त्यांचं. यामिनीबाईंना एकच हवं होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, नवऱ्यानं आपल्याला ओळखावं.

चहा झाल्यावर ऋचाला त्यांच्याजवळ बसवून त्या मिरजेला नझीर शिकलगारकडे गेल्या. पट्टी त्यानंच शिकवून तयार केली होती. त्याचे आजोबा तंबोरे करायचे. वरच्या मजल्यावर अजून भोपळे वाळत टांगलेले असत, आणि खालच्या खोलीत नझीरची यंत्रं.

"नझीर, मला माझा घरचा आवाज दे," त्या म्हणाल्या.

"देतो की, ताई. पण कुठनं तरी तो मला ऐकायला पाहिजे. एखादा व्हिडिओ? बारशाचा, वाढदिवसाचा?"

व्हिडिओ पन्नास होते. यामिनीबाईंनी ते सगळे आणले होते. पहिल्यात त्या नातवाला केक भरवत होत्या आणि "घे रे राजा" हे तीन शब्द अशा काही फेकत होत्या की शेवटच्या रांगेपर्यंत पोचावेत. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. फोन समोर धरला की बाईंची मान वर जायची आणि आवाज लागायचा. ती खोड त्यांना स्वतःला कधी दिसलीच नव्हती. बरं, फोनवरचं बोलणं म्हणावं, तर गळा जपायचा म्हणून त्या कुणाला आवाजी निरोप पाठवत नसत, चार ओळी लिहून मोकळ्या होत.

"म्हणजे माझा असा आवाज नव्हताच की काय रे?" त्यांनी विचारलं. विचारलं राणीनं. नझीरनं जुनी यादी पडद्यावर उघडली.

"बापूंनी कापलेलं सगळं त्यांच्याकडनं मागवलं होतं मी," तो म्हणाला. "तालमीच्या गप्पा त्यांनी पुसूनच टाकल्यात. पण 'कमलगंधा'च्या एका प्रयोगाची मूळ फीत न कापता राहिलीय. त्यात तुमचं वेगळं काही नाही, पण एक गंमत आहे बघा. घैसाससाहेब वाक्यात थांबले की दर वेळी एक फुसफुस येते. बापूंनी लिहिलंय, पंखा असावा. मीही पंखा समजून पुसली होती."

त्यानं पडद्यावर बोट फिरवून ती जागा मोठी केली. आधी नुसती खरखर. मग जयवंतरावांचा तरणाताठा आवाज, "देवी, या उद्यानात वाटा पुष्कळ आहेत. परंतु..." आणि मग ती फुसफुस. नझीरनं बाकीचं सगळं खाली बसवलं. फुसफुशीतून शब्द वर आले.

"एकच माझ्या ओळखीची. बोला ना हो, मेलं रोजचंच!"

यामिनीबाईंना हसू फुटलं. पट्टीनं त्याचं फटाकड्या मैत्रिणीचं हसू केलं, तेव्हा त्यांनी चिडून गळ्याला हात लावला. त्यांना सगळं आठवलं होतं. जयवंतराव दिसायला देखणे, चालायला राजबिंडे, आणि पाठांतराच्या नावानं शून्य. विंगेतल्या प्रॉम्प्टरचं त्यांना ऐकू यायचं नाही, नाहीतर ते ऐकायचे नाहीत. मग यामिनीबाईच स्टेजवर त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहायच्या, रुसल्यासारखं तोंड प्रेक्षकांपासून फिरवायच्या आणि ओठ न हलवता वाक्य द्यायच्या. पहिल्या रांगेलाही कधी कळलं नाही. लोकांना वाटायचं, काय सुंदर रुसते! एकही प्रयोग त्याशिवाय गेला नव्हता. पुढे तीच सवय घरी आली. पाहुण्यांचं नाव, लेकीची इयत्ता, गॅसवाल्याला काय सांगायचं ते, सगळं डावीकडून हळूच.

"ताई, एवढं पुरेल मला," नझीर उत्साहानं म्हणाला. "या तीन सेकंदांवरनं कुजबुज तयार करतो. पट्टीत घालू?"

यामिनीबाईंचं लक्ष 'कुजबुज' या शब्दावरच अडलं होतं. कुजबुजीला स्वरतंतू लागतच नाहीत, लागतो तो फक्त श्वास. आणि श्वास तर डॉक्टरांनी ठेवला होता. सात महिन्यांत त्यांनी पट्टीशिवाय तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलं होतं हे खरं, पण खरं कारण निराळं होतं. आपल्या गळ्यातून नुसती हवा येताना ऐकायची त्यांना भीती वाटायची. लाज वाटायची म्हटलं तरी चालेल.

त्यांनी पट्टीची कडी काढली. पट्टी टेबलावर ठेवली.

"नझीर," त्या म्हणाल्या.

वाळक्या पानासारखा आवाज. पण नझीरनं झटकन मान वर केली. या खोलीत इतके महिने येणारी ही बाई त्याला आज पहिल्यांदा भेटत होती.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. ऋचा देवापाशी दिवा लावत होती. आईचा उघडा गळा आणि त्यावरचा व्रण बघून ती पुढे आली, पण यामिनीबाईंनी तिला हातानं थांबवलं. जयवंतराव झोपाळ्यावर होते, दाराकडे डोळे लावून.

"कोण?" त्यांनी विचारलं. "निरोप दिलात का हो?"

यामिनीबाई त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. तोंड भिंतीकडे फिरवलं. पहिल्या नाटकाची तिसरी घंटा होण्याची वाट बघावी तशा त्या बसून राहिल्या. मग जयवंतरावांनी आपोआपच हात पुढे केला.

"देवी, या उद्यानात वाटा पुष्कळ आहेत. परंतु..."

आठ्या. बटणं चाचपणारी बोटं.

"एकच माझ्या ओळखीची," डावीकडून श्वास आला.

बोटं थांबली. जयवंतरावांनी मान तसूभर डावीकडे कलती केली, अगदी पूर्वीसारखी, प्रेक्षकांना न कळेल अशी. आणि मग सबंध वाक्य म्हणाले, "परंतु एकच माझ्या ओळखीची. तिच्या शेवटी तुम्ही उभ्या असता." सात महिन्यांत पहिल्यांदा वाक्य पुरं झालं होतं. कपाळावरची आठी गेली. ते स्वस्थ झाले, आणि हसले.

नाटकात यापुढे पद होतं. पण यामिनीबाईंनी त्यांना म्हणायला कुठल्याच नाटकात नसलेलं एक वाक्य दिलं. देताना त्यांचा श्वास दोनदा तुटला.

"यामे, कधी आलीस घरी?"

झोपाळ्याची कडी कुरकुरली. मग त्यांनी वळून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि फाटलेल्या, खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्या आवाजात ते म्हणाले, "यामे... कधी आलीस घरी? किती वाट बघायला लावलीस गं."

"आई!" ऋचा दारातून ओरडली. ती रडत होती. "आई, बाबांनी ओळखलं तुला! ते शेवटचं, 'वाट बघायला लावलीस', ते तू नव्हतं दिलंस, मी ऐकलं ना!"

यामिनीबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. त्यांनाही रडायला येत होतं, आणि ऋचाचं म्हणणं खरं मानावं असं फार फार वाटत होतं. पण एवढी वर्षं त्यांनी या माणसाला वाक्यं दिली होती. दिलेलं वाक्य उचलायचं, त्याला पदरचं अर्धं जोडायचं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला रुमाल काढायला लावायचा, हे जयवंतरावांइतकं कुणाला जमलं नव्हतं. अर्धं वाक्य ते नेहमीच पदरचं घालायचे. आज त्या स्वतः शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, आणि हे ओळखणं होतं की अभिनय, ते त्यांनाही कळत नव्हतं.

जयवंतरावांनी पुन्हा मान डावीकडे कलती केली. ते थांबले होते. चेहऱ्यावर नुसता विश्वास होता, पुढचं वाक्य येणारच म्हणून.

यामिनीबाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण आपण एकदा, एकदाच गप्प राहिलो तर? तर हा माणूस आपल्याकडे बघून स्वतःचं म्हणून काय बोलेल?